मिठातून निघालेलं औषध

कळंगुट, गोवा

आये,

तुझ्या पाया पडते. मी बरी हाय, पोटभर जेवते.

इथल्या हॉटेलात पोहायच्या तलावात पोत्यानं मीठ ओततात. पाणी यंत्रातून गेलं की विजेनं त्या मिठाचंच क्लोरीन होतं, आपल्या विहिरीत औषध म्हणून टाकतात त्या पावडरीसारखं! मी बघतच राहिले गो. घाबरू नको, शॉक लागत नाय.

क्लोरीन कमी झालं तर पोरं आजारी पडतील, जास्त झालं तर डोळे जळतील. म्हणून मी रोज पाणी तपासून यंत्र कमीजास्त करते.

बाबांचा खोकला गेला का?

पहिल्या दिवशी मी सवयीनं आमटीसारखं पाणी तळहातावर घेऊन चाखलं. सगळे हसले. डोळ्यातल्या पाण्यापेक्षा कमी खारट हाय. ते कसं कळलं, विचारू नको.

तुझी भाविका