अन्द्रेमीजच्या पातेल्यातली खरवड

मी, ओसनेर फिलोजेन, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त शाळामास्तर, जन्म हैतीतील जाकमेलचा, हल्ली राहणार फ्लॅटबुश, ब्रुकलिन, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. डॉक्टरांनी वसंतापर्यंतची मुदत दिली आहे. बुद्धी शाबूत आहे. मत्सरही.

कलम १. माझी अकराशे पुस्तके नाक्यावरच्या वाचनालयास द्यावीत. समासातल्या शिव्या खोडू नयेत. त्या विचारपूर्वक दिलेल्या आहेत.

कलम २. अन्द्रेमीज कादे हिच्या खानावळीत, खिडकीजवळच्या टेबलावर मी एकतीस वर्षे जेवलो. ते टेबल माझ्या मालकीचे नाही, तरी बजावून ठेवतो: माझ्या पश्चात तिथे विलनेर देझीर याने बसू नये. हा टॅक्सीवाला माझ्यानंतर नऊ वर्षांनी उगवला. पहिल्याच दिवशी उभ्यानेच ओरडला, "ताई, बुडाची खरवड आहे का गं?" आणि आतून बशी आली. काळ्या अळंबीच्या भाताची खरवड, पातेल्याच्या बुडाला लागलेली, कुरकुरीत. तो आणि अन्द्रेमीज दोघेही हैतीतल्या जेरेमी गावचे, म्हणून असेल. बावीस वर्षे ती बशी माझ्या डोक्यावरून त्याच्याकडे गेली. मी मागितली की अन्द्रेमीज म्हणे, "मास्तर, तुम्हाला नाही मिळायची."

"का?"

"नाही म्हणजे नाही. लोणचं देऊ?"

कलम ३. माझ्या भाषणांच्या वह्या अन्द्रेमीजला. दर एक जानेवारीला, हैतीच्या स्वातंत्र्यदिनी, भोपळ्याच्या सुपाआधी, मी तिच्या खुर्चीवर उभा राहून बोललो. जे सूप आमच्या पूर्वजांनी रांधायचे आणि फ्रेंच मालकांनीच प्यायचे, ते आज आपल्या वाडग्यात आहे, हे विसरणारा पुन्हा गुलाम होईल, असे मी गरजत असे. मालक, पाद्री, अंधश्रद्धा, कोणालाही सोडले नाही. शेवटी ती म्हणे, "मास्तर, सूप निवतंय." सगळे हसत. विलनेर सर्वांत मोठ्याने.

कलम ४. गेल्या महिन्यात न्हाव्याच्या दुकानात मी खरवडीचा विषय काढला. विलनेर हसून खुर्चीतून पडायचा बाकी होता.

"एवढं वाचलंत मास्तर, आणि आमच्या जेरेमीच्या बायका काय मानतात ते ठाऊक नाही? बिनलग्नाच्या माणसानं खरवड खाल्ली की त्याच्या लग्नात धो धो पाऊस!"

"निव्वळ मूर्खपणा!"

"असेल. पण बाईनं एकतीस वर्षं तुमचं लग्न कोरडं ठेवलंय. मला काय, मी चार पोरांचा बाप."

खरवडीबद्दल मी त्याचा हेवा केला होता. पण तिच्या मनातले याला ठाऊक आणि मला नाही, यासाठी मी त्याचा द्वेष करतो. तो द्वेष या दस्तऐवजात नोंदवावा.

कलम ५. परवा रविवारी डॉक्टरांचे म्हणणे मी अन्द्रेमीजला सांगितले. ती आत गेली. अख्खी खरवड बशीत घालून आणली आणि माझ्यापुढे ठेवली.

बावीस वर्षे जिच्यासाठी जळलो ती बशी समोर आली, आणि तिने आशा सोडली हे मला कळले. मी ती शेजारच्या टेबलावर सरकवली. "घे, विलनेर. तुझं लग्न झालंय."

तो प्रथमच हसला नाही.

"अन्द्रेमीज," मी म्हणालो, "शुक्रवारी मी विवाह कचेरीत जाणार आहे. एकटा गेलो तर हाकलून देतील."

"एवढी भाषणं केलीत," ती म्हणाली, "आणि हे एक वाक्य येत नव्हतं?" मग बराच वेळ एप्रनला हात पुसत राहिली. "शुक्रवारी मासे येतात. दुकान बंद ठेवावं लागेल."

कलम ६. मी शुक्रवारपर्यंत जगो वा न जगो, माझे घर, बचत व उरलेले सर्व अन्द्रेमीज कादे हिचे. माझ्या पश्चात तिने खुशाल लग्न करावे. विलनेर विधुर झाला तरी त्याच्याशी मात्र करू नये.

कलम ७. ज्याला काही मिळायचे त्याला साक्षीदार करू नये, असे वकीलबाई म्हणाल्या. म्हणून पहिला साक्षीदार विलनेर. सहीसाठी आला तेव्हा त्याने विचारले, "मास्तर, शुक्रवारी मला बोलावणं आहे ना?"

आहे. मागच्या रांगेत.

सही: ओसनेर फिलोजेन
साक्षीदार: १. विलनेर देझीर, टॅक्सीचालक. २. एदें बेलिझेर, न्हावी.
फ्लॅटबुश, ब्रुकलिन. मंगळवार, १४ नोव्हेंबर २०१७.