दादाच्या डोंग्याची टाकी

९ नोव्हें.
गोंदियाजवळच्या मुर्रीहून सकाळीच निघालो. गोरेगावात चहा, दहाला धरणावर. दादा बुडाला तेव्हापासून दोन पावसाळे त्याचा डोंगा, इंजिन बसवलेली छोटी नाव, काठावर ताडपत्रीखाली पडून. परवा वहिनीचा फोन होता. "भाऊजी, डोंगा चालू करून द्या. पलीकडच्या काठच्या बांधीतलं धान कापून आणाचं हाय." मी पंपाची इंजिनं दुरुस्त करतो, नाही कसं म्हणू.
टाकीला झाकण नाही. तोंडावर वहिनीनं प्लास्टिकची पन्नी बांधलेली. सोडली तर सडका वास. हात घातला नाही. उद्या.

१० नोव्हें.
इंजिन ठीक आहे. बिघाड टाकीकडं.
गाव म्हणतं, दादानं जीव दिला. वारा नव्हता, डोंगा शाबूत सापडला, दादा तिसऱ्या दिवशी. सकाळी नवरा-बायकोचं भांडण सगळ्या आळीनं ऐकलेलं. त्यावर वहिनीनं गावात कोणाला कधी उलट उत्तर दिलं नाही. आज वाढता वाढता एवढंच म्हणाली, "मीच म्हटलं होतं त्यायले, जा, तिकडंच राहा."


१२ नोव्हें.
टाकी उतरवली. बोल्ट गंजलेले, हाताचं बोट कापलं. ओतली. पिवळं पडलेलं डिझेल, मग पाणी, मग काळा चिखल, काकवीसारखा. तरी खालच्या नळीतून थेंब येईना. तारेचा आकडा घालून ओढलं.
कापड. लिबलिबीत, काळं. डिझेलमध्ये खळबळलं. निळ्या चौकड्या.
माझा गमछा.
धुवायलाच नको होता.

१३ नोव्हें.
लिहून टाकतो. दादा बुडाला त्याच्या आदल्या दिवशी डोंगा मी नेला होता. झाकण पाण्यात पडलं. गमछा फाडून बोळा कोंबला, म्हटलं गोंदियाहून नवं आणू. दादाला सांगितलं नाही, ओरडला असता.
बोळा आत सरकला. नळी बंद, मधल्या पाण्यात इंजिन बंद. वल्हं घरीच राहिलेलं. तो पोहत निघाला असणार. तिथं पाण्याखाली बुडालेली झुडपं आहेत, वेली आहेत.
जीव नाही दिला त्यानं. घरी यायला निघाला होता.

१४ नोव्हें.
आतला गाळ सुटावा म्हणून टाकीत मूठभर गिट्टी न् थोडं डिझेल घालून हलवली. तीनदा. चौथ्यांदा स्वच्छ निघालं तरी हलवतच राहिलो. वहिनी म्हणाली, "पुरे न आता भाऊजी, किती धुऊन राहिले?"
दुपारी बोल्ट साफ करत होतो. अगदी बाजूनं, रोजच्यासारखा दादाचा आवाज : "बाल्या, पाना दे."
पाना उचललासुद्धा. हात पुढं केला होता.

१६ नोव्हें.
वहिनीला सांगितलं. अर्धं. नळी कापडानं तुंबली होती, इंजिन बंद पडलं, दादा पोहत येत होता.
ती अंगणात होती, तिथंच खाली बसली. "घरी येत होते?"
"हो."
"घरीच?"
मग रडली. दोन वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. बऱ्याच वेळानं पदरानं तोंड पुसलं. "पन टाकीत कापड कोनं टाकलं?"
म्हटलं, टाकी उन्हात ठेवली आहे, पाहून येतो. काऊन असं बोललो... पाहायचं काय होतं तिथं.

१७ नोव्हें.
नवं झाकण, नवा फिल्टर, डिझेल दोनदा गाळून. दुसऱ्या खेपेला इंजिन सुरू. वहिनी म्हणाली, "मी पन येतो." विळा घेऊन पुढं बसली, पलीकडच्या काठाकडं तोंड करून.
मधल्या पाण्यात तिच्या पाठीकडं पाहत सगळं सांगितलं. गमछा माझा. बोळा मी कोंबला. तुमच्या बोलण्यानं काही झालं नाही, वहिनी.
इंजिनचा आवाज मोठा. ऐकू गेलं का नाही, कळलं नाही. तिनं मागं पाहिलं नाही. पदर तेवढा डोक्यावरून पुढं ओढला.
काठ आला. आवाज थांबला की ती काय बोलेल, म्हणून इंजिन बंद करायला हात धजेना.