मॅरिएटाच्या दगडावरची ११८९०१५२१

मी, ऑर्विल लिंडक्विस्ट, वय ८३, निवृत्त पोस्टमन, राहणार हॅडली क्रीक, आयोवा, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवतो. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात राहते घर मी, स्वतः सभासद असलेल्या अंकप्रेमी मंडळाला दिले होते.

१. घर आणि मागचे सफरचंदाचे झाड माझ्या पत्नीची भाची कॉरिन ऑस्टबी हिला. मंडळाला उंबरठासुद्धा नाही.

कारण असे. सभासद वारला की त्याच्या कबरीवर मूळ संख्या कोरायची, ही मंडळाची रीत. मूळ म्हणजे एक आणि स्वतः सोडून कशानेही निःशेष भाग न जाणारी. अध्यक्ष ड्वाइट हॅस्केल यांना ११८९०१५२१ सापडली, तेव्हा मंडळाच्या बैठकीत ते आमच्याच स्वयंपाकघरात नाचले होते. दोनचा त्या संख्येइतका घात करून त्याच संख्येने भागले, बाकी दोन. तीनचा केला, बाकी तीन. मूळ संख्येची हीच खूण, म्हणून झाली मूळ!

माझी पत्नी मॅरिएटा कॉफी ओतता ओतता म्हणाली, "दोनशे एकाहत्तरने भागून बघ, ड्वाइट."

"मॅरिएटाबाई, तुम्ही केकचं बघा. प्रत्येक चाचणीत पास झालीय ती!"

"चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसला म्हणून चोर साव होतो होय रे?"

सगळे हसले. भागून कोणीच पाहिले नाही. मी त्या रात्री पाहिले. २७१ गुणिले ५४१ गुणिले ८११. तिन्ही मूळ. प्रत्येकातून एक काढा: २७०, २७०ची दुप्पट, २७०ची तिप्पट. शाळेत बाई शुक्रवारी कविता म्हणवून घेत, तशी ही ओळ मी अजून गुणगुणतो. संख्या संयुक्त, म्हणजे मूळ नव्हेच, आणि संयुक्तांतही ढोंगी वर्गातली: घाताच्या चाचणीत दरवेळी मूळ असल्यासारखी पास होणारी. मी दुसऱ्याच दिवशी मंडळाला सांगितले. ड्वाइट म्हणाले, "बायकोचं ऐकतोस होय!"

मॅरिएटा गेली तेव्हा मी खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर दवाखान्यात होतो. मंडळाने मोठ्या मनाने दगड बसवला. वर तीच संख्या, खाली 'हिच्यासारखीच अभंग'. जिला कधी सभासद केले नाही, तिच्या उशाशी तिने खोटी ठरवलेली संख्या! पाहिले आणि घरी येऊन हा कागद काढला.

२. कवितांची पुस्तके गावच्या शाळेला. ड्वाइटना माझी भागाकाराची पाटी, वापरावी.

३. बँकेतील शिलकीतून कॉरिनने नवा दगड करावा: नाव, आणि तिने फोडलेल्या संख्येचे तीन तुकडे. 'अभंग' नको.

४. जुना दगड हलेपर्यंत मला तिच्याशेजारी पुरू नये. दफनगृहाच्या तळघरात ठेवावे. कितीही हिवाळे जावोत. ती खोटी संख्या डोक्यावर घेऊन मी तिच्याजवळ निजणार नाही.

वरील मजकूर वाचून, आमच्यासमक्ष सही केली.

सही: ऑर्विल लिंडक्विस्ट
साक्षीदार: हर्शेल नूडसन, दफनगृहचालक (कलम ४ मान्य)
साक्षीदार: विल्मा ट्वेट, शेजारी
हॅडली क्रीक, १२ ऑक्टोबर १९९४