गोदामावरच्या मालिकेतल्या चुका

३ मार्च, मंगळवार. सकाळी ७.१०
सुनेचा फोन. आई, तुमच्या गोदामावर डॉक्युमेंटरी आली आहे, तीन भागांची, खऱ्या गुन्ह्याची. म्हटलं, ‘खऱ्या’ असं मुद्दाम लिहिलंय म्हणजे खोटीच असणार. कस्टम्सच्या जप्त मालाच्या गोदामात मी सव्वीस वर्षं काढली. पकडलेली अमली पावडर, कोर्टाचा निकाल लागेपर्यंत, तिथे सीलबंद पेट्यांत ठेवतात. मी निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी चाळीस पेट्यांत खडूची भुकटी निघाली. माझ्यामागून आलेल्यांचा गलथानपणा. माझ्या वेळी पेटीवरची धूळसुद्धा नोंद करून झटकत असत.
संकल्प: तिन्ही भाग बघणे. चुका टिपणे. कंपनीकडून जाहीर दुरुस्ती घेणे. स्वतंत्र वही घातली.

४ मार्च, बुधवार. दुपारी
भाग पहिला. चुका सतरा. सीलची लाख तांबडी दाखवली, आमची तपकिरी होती. गोदामात मांजर. ठायी ठायी बंदुका. पाठलागाला तीन गाड्या. आमच्याकडे एकच जीप, तीही ढकलावी लागे. रजिस्टर सांभाळणारी बाई म्हणून एक नटी आहे, सारखी लोकांवर खेकसते. मी कधी खेकसत असे का, असं ह्यांना विचारलं. हे म्हणाले, चहा निवतोय.

५ मार्च, गुरुवार
भाग दुसरा. चुका नऊ. पैकी एक अक्षम्य, लाल शाईने लिहिली: अदलाबदल म्हणे माझ्या निवृत्तीआधीच चार वर्षं चालली होती. अशक्य. लाख तडकते म्हणून दर सहा महिन्यांनी सील नव्याने मारायचं. जुनं काढून नवं मारेपर्यंत काय ती पेटी मोकळी. त्या वेळी मी जातीने हजर. रजिस्टरमध्ये ‘माझ्यासमक्ष’ आणि खाली माझी सही. एकही खाडा नाही. सुनेला फोन करून हे ठणकावलं. ती म्हणाली, आई, ती सही दाखवतात की त्यात. दोनदा.

६ मार्च, शुक्रवार
भाग तिसरा. चुका दोन. (चष्मा नीट पुसलेला नव्हता.) शिक्षा भोगून आलेला एक माणूस अंधारात बसून, आवाज बदलून बोलतो. म्हणतो, बाई इतक्या कडक, की आमच्यावर शंका घ्यायचं कुणाला सुचलंच नाही. हे म्हणाले, अगं, हा तुझा काटेवाला. म्हटलं, काळोखात तुम्हाला बरं दिसलं. हे म्हणाले, मान कशी खाजवतोय बघ. मान कुणीही खाजवतं. काटेवाला पेट्यांचं वजन करायचा, सील मारायचा, माझा उजवा हात होता. त्याला पकडलं तेव्हा मीच त्याच्या बायकोला सांगितलं, साहेबांनी बळीचा बकरा केलाय, धीर धर. मालिकेतला तो नट असणार.
संकल्प: काटेवाल्याकडून लेखी निवेदन घेणे. मसुदा तयार, कलमं पाच.

८ मार्च, रविवार. संध्याकाळी
जाऊन आले. त्याने वजनकाटे दुरुस्तीचं दुकान टाकलं आहे. मला बघून उठला, स्टूल पुसलं. मसुदा सावकाश वाचला. म्हणाला, पुष्कळ खोटं दाखवलंय, बाई. बंदूक मी जन्मात धरली नाही. मालिकावाल्यांनी मला पाच वेळा रडायला लावलं, शेवटी कांदा आणला. म्हटलं, मग कर सही. म्हणाला, करतो, दुसरं कलम सोडून.
दुसरं कलम: प्रत्येक सीलच्या वेळी बाई समक्ष हजर होत्या.
लाखेच्या धुराने मला खोकला येतो. म्हणून मी दारात उभी राहत असे. दारातून सगळं दिसतं. हे मी त्याला स्पष्ट सांगितलं.
तो म्हणाला, दिसतं ना, बाई. पण तुमची पाठ असायची आमच्याकडे. तोंडाला रुमाल. खोकला थांबला की विचारायच्या, झालं का रे. मी म्हणायचो, झालं. मग तुम्ही आत येऊन वजन बघायच्या. ते आम्ही ग्रॅमपर्यंत बरोबर ठेवायचो. तुम्हाला चाललं नसतं.
विचारलं, असं किती वेळा? म्हणाला, चहा घ्या, बाई. साखर किती ते विचारलं नाही. त्याला अजून आठवते.
निघताना म्हणाला, राग मानू नका. त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं. ऑफिसात तर कुणी विचारलंच नव्हतं.

९ मार्च, सोमवार
कंपनीला पत्र लिहायला बसले. सव्वीस वर्षांत खोकल्यासाठी एकही रजा घेतली नाही, हे वाक्य घातलं. मग खोडलं. आज एवढंच काम झालं.

११ मार्च, बुधवार. दुपारी ३
मालिकेच्या कंपनीतून फोन. माझी तक्रार आहे म्हणून सुनेने परस्पर कळवलेलं. मुलगी अदबीने बोलत होती. म्हणाली, मॅडम, जे चुकलं असेल ते सांगा, आम्ही नक्की दुरुस्त करू.
सांगितलं, ती नटी माझ्यापेक्षा उंच आहे.
तिने लिहून घेतलं. आणखी काही, म्हणाली. म्हटलं, नाही.