व्हिटकोमसाहेबांचं खुब्याबद्दलचं मत

स्टेट कॉलेज, पेन्सिल्व्हेनिया
कोजागरीचा दुसरा दिवस

तीर्थरूप शैलजाताईस,

राजीवचा दंडवत (कमरेमुळे मनातल्या मनात घातलेला, तरी पोचला असं समजावं). भाऊजींचं ब्लड प्रेशर, तुझा संधिवात आणि नागपूरचं ऊन ही तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे पानगळ चालू आहे. लोक आधी तिचे फोटो काढतात आणि मग शनिवारभर ती झाडत बसतात. मी यंदा फोटो काढले नाहीत, पण झाडणं काही चुकलं नाही.

सुलेखाच्या खुब्याचं तुला ठाऊक आहेच. सांधा बदलावा लागणार, आणि ऑपरेशनची तारीख मार्चमधली मिळाली आहे. जूनमध्ये माझी नोकरी गेली (माझा अनुभव त्यांच्या वेगाला जड होतो, अशा अर्थाचं काहीतरी साहेबांनी फार गोड आवाजात सांगितलं) आणि नोकरीबरोबर कंपनीचा आरोग्यविमाही गेला. आता जो विमा घेतलाय त्याच्या हप्त्याला राज्य सरकार हातभार लावतं, म्हणून तो पेलतो. हा हातभार पुढे चालू ठेवायचा की नाही, ते नवा गव्हर्नर जानेवारीत ठरवणार. (इथला गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे, मुख्यमंत्रीच म्हण. फक्त शपथविधीला फेटे नसतात.) निवडणूक पुढच्या आठवड्यात आहे आणि निवडून येतील ते बहुधा व्हिटकोम नावाचे गृहस्थ. तेव्हा सुलेखाला मार्चमध्ये नवा खुबा मिळणार का, हा प्रश्न फिरून फिरून व्हिटकोम यांचं मत काय, इथे येऊन बसतो. इथला नागरिक झाल्यानंतरचं गव्हर्नरसाठीचं माझं हे पहिलंच मतदान. म्हटलं, अभ्यास करून करावं.

अनन्या म्हणाली, “बाबा, ही हॅज अ वेबसाइट, यू नो.” वेबसाइट पाहिली. तिथे व्हिटकोम एका आजीबाईंचा हात हातात घेऊन उभे आहेत, आणि प्रत्येक कुटुंबाला चांगलं आरोग्य लाभावं असं त्यांना मनापासून वाटतं. तसं न वाटणारा माणूस मला अजून कुठल्याच पक्षात भेटलेला नाही. म्हणून मी सरकारी दप्तराकडे वळलो. हे गृहस्थ कित्येक वर्षं राज्याच्या सिनेटमध्ये आहेत. बोलले असतील, पत्रं लिहिली असतील, कशाला तरी हो किंवा नाही म्हणाले असतील, आणि ते कोणीतरी टिपून ठेवलं असेल. इथे कोणीही अर्ज करून असले कागद मागू शकतो. (तू म्हणशील, आपल्याकडेही मागता येतात. येतात. पण मागितलेलं सगळं खरोखर आलं तर काय करायचं, याची मला सवय नव्हती.) जन्मभर सॉफ्टवेअर लिहिलेल्या माणसाने करू नये ती चूक मी पहिल्याच अर्जात केली. व्हिटकोम यांनी आरोग्य खात्याशी केलेल्या पत्रव्यवहारातली, ‘आरोग्य’ हा शब्द असलेली सगळी पत्रं मिळावीत, असं लिहिलं. खात्याच्या नावातच तो शब्द आहे, आणि प्रत्येक कागदाच्या माथ्यावर खात्याचं नाव आहे, हे फाइल उघडताना कॉम्प्युटर धापा टाकायला लागला तेव्हा लक्षात आलं. दुधाच्या तपासणीबद्दल पत्रं होती, शंभरी गाठलेल्या मतदारांच्या सत्काराबद्दल होती, एका शेतकऱ्याच्या विहिरीबद्दलचा दीर्घ संवाद होता (त्यात दोन्ही बाजू शेवटपर्यंत सभ्य राहिल्या). विम्याच्या हप्त्याबद्दल एक ओळ नाही. तरी मी सगळं वाचलं. आपणच मागून घेतलेलं पानात टाकवत नाही, हे आईचं वळण.

दुसरा अर्ज (या वेळी फक्त विम्याच्या हप्त्याबद्दलचा) समक्ष द्यावा म्हणून गाडी काढून राज्याच्या राजधानीला गेलो. खिडकीवर कोवाल्स्कीबाई नावाच्या वयस्क, शांत कारकून होत्या. आता सरकारी कचेरीत काम आहे, बाई भल्या दिसतात, तर माणूस रिकाम्या हाताने कसा जाईल? राधिकाने (शेजारच्या बिल्डिंगमधली, तुला फोटोत दाखवली होती) न्यू जर्सीतल्या आयसेलिनच्या देशी दुकानातून आणलेले पेढे मी बरोबर घेतले होते. बाईंनी डबा उघडला, वास घेतला, चेहरा खुलला, आणि मग काहीतरी आठवून त्यांनी दोन बोटांनी झाकण लावलं. सरकारी माणसाला अर्जदाराकडून काही घेता येत नाही, आणि कोणी देऊ केलं तर त्याची नोंद करावी लागते. मी म्हणालो, आमच्याकडे ही नुसती पद्धत आहे. त्या म्हणाल्या, पद्धत कसली तेही लिहिते. पंधरवड्याने दुसऱ्या अर्जाचे कागद आले, त्यात ती नोंदही आली: माझं नाव, दुधाची मिठाई, परत केली. माझ्या अर्जाशी संबंधित कागद म्हणून. म्हणजे उद्या व्हिटकोम यांचा अभ्यास करणाऱ्या कोणालाही मी पेढ्यांसकट सापडणार.

मत मात्र सापडेना. सिनेटच्या इतिवृत्तांत दिसलं ते असं. विम्याच्या मदतीला व्हिटकोम यांनी समितीत हो म्हटलं, सभागृहात नाही म्हटलं, आणि तिसऱ्यांदा तोच विषय आला तेव्हा ते दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. पुढे या विषयाचा सखोल अभ्यास व्हावा असा ठराव त्यांनी आणला. अभ्यासगटाचे प्रमुखही तेच झाले. गटाचा अहवाल मी अथपासून इतिपर्यंत वाचला. आणखी अभ्यासाची गरज आहे, असा त्याचा निष्कर्ष आहे. तो वाचून झाल्यावर मी त्याला भोकं पाडली आणि फाइलला लावला. सुलेखाने चहा आणून ठेवला.

गेल्या शनिवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये व्हिटकोम पॅनकेक खाऊ घालायला आले होते. (इथले उमेदवार हे स्वतःच्या हाताने वाढतात.) मी फाइल घेऊन गेलो, सुलेखा काठी घेऊन आली. मी तारीखवार प्रश्न विचारला. तो इतका लांबला की मागचे लोक बशा घेऊन दुसऱ्या रांगेत गेले. व्हिटकोम म्हणाले की प्रश्न फार छान आहे. सुलेखाला त्यांनी खुर्ची दिली, तिचं सगळं ऐकून घेतलं, आणि त्यांच्या आईलाही खुब्याचाच त्रास होता असं सांगितलं. मग तिने साधं विचारलं, मार्चमध्ये ही मदत असेल का? त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि सिरप पाहिजे का म्हणून विचारलं. परतताना गाडीत ती म्हणाली, “माणूस वाईट नाही हो. घरी कोणी काही ठरवायला देत नसतील.”

आम्ही निघताना त्यांच्या प्रचारातली एक मुलगी मागून धावत आली. नाव कादंबरी, आईवडील ठाण्याचे. म्हणाली, “अंकल, तुमच्या फाइलची कॉपी मिळेल? पुढच्या आठवड्यात डिबेट आहे, आणि सरांचं हेल्थकेअरवरचं सगळं असं एकत्र आमच्याकडे नाहीये.” दिली. दुसरं काय करणार?

मोठ्यांना नमस्कार, लहान आता कोणी उरलेलं नाही.

तुझा,
राजीव

ता. क. एक विचारायचं होतं. भाऊजींचे ते मित्र, हाडांचे डॉक्टर शिव, अजून ऑपरेशन करतात का? जानेवारीत सुलेखाला तिकडे आणलं तर जमेल? गव्हर्नर कोणीही होवो.

ता. क. २. सुलेखाला यातलं काही बोलू नकोस. इतके महिने कागद वाचून शेवटी नागपूरच, हे तिला कसं सांगायचं ते मला सुचत नाही. हे पत्र स्कॅन करून तीच पाठवणार आहे, पण काळजी नको. माझी पत्रं लांब असतात म्हणून ती वाचत नाही.

ताई, नमस्कार. सुलेखा. शेवटचं पान वाचते मी. डॉक्टरांची जानेवारीची तारीख आपण श्रावणात ठरवली तीच पक्की ठेवा, तिकिटंही झाली आहेत. यांना अजून सांगितलेलं नाही. नोकरी गेल्यावर पहिले काही आठवडे हे अंथरुणातून उठत नव्हते. अर्ज सुरू केल्यापासून सकाळी नऊला इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसतात. तेव्हा यांनी विचारलंय म्हणून लगेच हो म्हणू नका. चौकशी करून कळवते म्हणा, आणि डॉक्टरांचे काही कागद वाचायला पाठवा. जरा जास्तच पाठवा.