ग्रंथालयातला रविवारचा फोन

मँचेस्टर, सोमवार

प्रिय वान्छिंगताई,

फिल्मच्या वर्गात पडद्यावर रुओलानचा चेहरा आला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्याच क्षणी माझं कॉलेज संपलं. आईला इतक्यात सांगू नकोस. मी वेळेवर जेवतो. तिचा खोकला कसा आहे?

जिच्यावरून तू मला चिडवतेस ती रुओलान वर्षापूर्वीच नापास झाली. आता हॉटेलात नूडल्स करते. तरी दर रविवारी ग्रंथालयात पुस्तकांसमोर उभी राहून घरी लान्चौला व्हिडिओ फोन लावते, "हो बाबा, अभ्यास जोरात." आपण सगळेच घरी चांगलं तेवढंच कळवतो ना! मी ते चित्रित केलं, फक्त वर्गापुरतं, असा तिला शब्द देऊन.

सर म्हणाले, "हाच तुझा माहितीपट! महोत्सवाला पाठवू."

"नाही पाठवायचा."

"मग पास होणं विसर."

मी एकच प्रत उचलली, बाकी सगळं तिथल्या तिथे पुसलं आणि कॉलेजातून नाव काढून घेतलं.

महोत्सवाचं रुओलानला कळलंच. म्हणाली, "माझ्या बाबांनाही टाळ्या ऐकवणार का, दिग्दर्शकसाहेब?" तेव्हापासून ती माझा फोन घेत नाही.

ती प्रत तिच्या हातात द्यायला निघालोय. ताई, बोलू काय?

तुझा तापट भाऊ,
शाओतोंग

ता. क. काही सुचलं नाही. तरी माझ्या खोलीचं दार ओढून घेतलंय, हे जिन्यात उभं राहून लिहितोय.