तिसरी हाक

११ जानेवारी, शनिवार

लाल लुगडं नेसायचं न्हाई म्हणे! पाखरं बुजतात. पोरपणी त्याच नदीवर लाल परकरात धुणं धुतलं मी, एक बगळा जागचा हलला न्हाई. पण नातीचा पक्षी-क्लब पडला शिकलेला. चैताली म्हणते, "आजी, मातकट काहीतरी नेस. आणि तिथं बडबडू नकोस, प्लीज." मातकट! मातीत जायचीच हाय मी, एवढी घाई कशाला?

जाते. पोरीनं चारदा म्हटलं. त्या काठावर सत्तावन्न वर्सांत पाय टाकला न्हाई, ते तिला ठाऊक न्हाई.

१२ जानेवारी, रविवार

बावीस माणसं, बावीस दुर्बिणी. माझ्या गळ्यातपण एक अडकवली — गाईला घंटा बांधतात तशी. पाखरांसाठी राखलेली जागा म्हणे. पाणी कसलं, गटार! वर जलपर्णी, पल्याड खराडीच्या काचेच्या बिल्डिंगा. पण आमचा धुण्याचा दगड तिथंच. तसाच वाकडा.

त्यांचे म्होरके आमोद सर. भला माणूस, पण पुस्तकातला. म्हणाले, "हा भारद्वाज." मी म्हटलं, "कुंभारकावळा." सगळ्यांनी लिहून घेतलं! मग त्यांनी फोनवर त्याच पाखराचा आवाज लावला. हूप हूप हूप. झाडीतून खरा कुंभारकावळा ओ देत बाहेर आला. इकडं बघतोय, तिकडं बघतोय. कुणी न्हाईच. हे फोटो काढतायत.

"भेटायचं नसंल तर हाक मारू नये कुणाला," मी म्हटलं.

सर ओशाळले. "सॉरी आजी." फोन खिशात टाकला.

मग दहा मिनिटं सगळ्यांनी डोळे मिटून नुसतं ऐकायचं. क्लबची रीतच हाय. चैतालीनं आवाज भरून घ्यायला फोन दगडावर ठेवला. त्याच दगडावर.

१३ जानेवारी

हेमी.

लिहिलं एकदाचं. माझी धाकटी बहीण. आठ वर्सांची. या घरात हे नाव कुणी ऐकलेलं न्हाई.

आईचा नियम व्हता — दोन हाकांपर्यंत खेळ, तिसरीला यायचंच. त्या दिवशी धुणं झालं आणि ही लव्हाळ्यात लपली. हाक मारली. "ओ!" दुसरी मारली. "ओ!" आणि खिदळणं. मला आला राग. धुण्याचे पिळे डोक्यावर घेतले, घरी आले. भाकरी खाल्ली.

सापडली न्हाई. काहीच सापडलं न्हाई.

आईला सांगितलं, तीन हाका मारल्या. आई मरेपर्यंत तेच सांगितलं.

१४ जानेवारी, संक्रांत

एक तिळगूळ हेमीच्या नावानं बाजूला काढून ठेवला.

१५ जानेवारी

चैतालीनं भरून आणलेला आवाज ऐकवला. टिटवी. लांबून विमान. मग माझाच आवाज — "हेमे!" मी तोंड उघडलेलं मला आठवत न्हाई! जरा वेळानं परत — "हेमे!" दोन्ही वेळा मागून ओ.

"कोण गं ती?"

"मीच की. तू हाक मारत होतीस, कुणीच बोलेना. कसंतरी वाटलं मला. हेमा कोण, आजी?"

मी म्हटलं, "दोन्ही वेळा तूच दिलीस?"

"दोनदा कुठं? मी एकदाच दिली."

तिनं हसत परत लावलं. मग हसायची थांबली.

१७ जानेवारी

बया परवा पहाटे तिथंच निघालीय. एकटी! "आवाज क्लिअर नाही आला, परत घेते. चिल आजी, आजूबाजूला शंभर बिल्डिंगा आहेत." हेमीच्या वेळी काठावर सात बाया धुणं धूत व्हत्या. कामाला आल्या का?

मेलेल्याची ओ जित्यानं दिली. आता तिसऱ्या हाकेला यायचं कुणी — हेमीनं का चैतालीनं?

१८ जानेवारी, शनिवार

मी जाणार. लाल लुगडं काढून ठेवलंय. पाखरं बुजली तर बुजू देत.

चैतालीला सगळं सांगितलं. रडली. मी न्हाई. दम देऊन ठेवलाय — दगडापाशी मी तिसरी हाक मारीन. तू तोंड घट्ट मिटून उभं ऱ्हायचं. ओ हेमी देईल. तिनं न्हाई दिली तर कुणीच द्यायची न्हाई.

आणि त्यानंतर तुला कुणी हाक मारली, तर ओ मी देणार.